हळदीला पाय का थांबत नाहीत? ठेका, बेस आणि डेसिबल समजून घेऊ

नवी मुंबईतल्या घणसोली गावातली हळद. रात्रीचे साडेआठ झालेले. मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत नवरदेवाची आजी बसली होती, वय पंच्याऐंशीच्या पुढे. कानातलं मशीन तिने काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं. समोर डीजेवर पोरं नाचत होती. तिला काहीच ऐकू येत नसणार असं धरून मी शेजारी बसलो, तर तिच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर ठोके देत होता. एकही ठोका चुकत नव्हता. वाकून तिच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "आजी, ऐकायला येतंय?" ती म्हणाली, "आयकाला नाय येत रं. पायान वाजतंय."

कॉलेजात असताना मी गावच्या बेंजो पार्टीत, म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या ताफ्यात, पॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवायचो. शेकडो हळदींत लोकांना नाचताना पाहिलंय, पण आजीच्या या एका वाक्याने जे कळलं ते तेव्हा कळलं नव्हतं. दर लग्नसराईत आणि दर गणपतीत आपल्याकडे तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते डीजे बंद करा, दुसरी म्हणते मग नाचायचं कशावर. दोघांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की नाच हवा तर आवाज मोठाच लागणार. हे गृहीतकच तपासून बघायला हवं. त्यासाठी आधी पाय हलतात ते कशाने, ते पाहू.

ठोका कानात पडतो, पण पोचतो पायाच्या खात्यात

गाण्याचा ठोका ऐकताना माणूस अगदी स्थिर बसला असला, तरी त्याच्या मेंदूत हालचाल ठरवणारे भाग जागे होतात. चालताना, हात उचलताना जे भाग काम करतात तेच. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा केंद्रकांचा समूह आहे. नियमित ठोका ओळखण्यात त्याचा मोठा वाटा आहे, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंय. म्हणजे आपण आधी ऐकतो आणि मग नाचायचं ठरवतो, असं होत नाही. ऐकतानाच शरीराची अर्धी तयारी झालेली असते.

मेंदू इथे अंदाज बांधत असतो. ठाणे-वाशी लोकलने रोज जाणारा माणूस आठवा. गाडी फलाटात शिरायच्या आधीच तो बरोबर त्या जागी जाऊन उभा असतो, जिथे दरवाजा येणार आहे. तालाचंही तसंच. चार ठोके ऐकले की पाचवा कधी पडणार हे मेंदूने आधीच ठरवलेलं असतं आणि पाय त्या जागी जाऊन थांबलेला असतो. आपल्या संगीतात समेवर येण्याचा जो आनंद आहे, तो हाच.

हे शिकवावं लागत नाही. २००९ साली हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ताल ऐकवला आणि मधूनच मुख्य ठोका गाळला. बाळांच्या मेंदूने ती चूक टिपली. झोपेत! प्राण्यांत मात्र ही देणगी फार थोड्यांकडे आहे. स्नोबॉल नावाचा एक काकाकुवा गाण्याची गती कमी-जास्त केली तरी स्वतःचं डुलणं त्याप्रमाणे बदलतो, हेही त्याच वर्षी सिद्ध झालं. आपल्या दारातला कुत्रा मात्र आयुष्यभर ढोल-ताशा ऐकून एकदाही ठेक्यावर पाय टाकत नाही.

ठोक्यांची गती मिनिटाला किती ठोके या हिशेबात मोजतात. डीजेवाले त्याला बीपीएम म्हणतात. माणूस सहज चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, म्हणजे मिनिटाला १२० च्या आसपास. नाचायची कितीतरी गाणी याच आकड्याभोवती घुटमळतात. त्यावर पाय टाकणं सोपं जातं, कारण ती आपल्या चालीचीच गती आहे.

कोळी ठेक्यात असं काय आहे?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

सिनेमाच्या नाचात बहुतेक हिशेब आठाचा असतो. डान्स क्लासमध्ये सर ओरडतात ते "फाइव्ह, सिक्स, सेवन, एट" आठवा. कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा. पण नाचणारे पाय सहा मोजत नाहीत, पाय दोनच मोजतात. पहिली मात्रा डावीकडे, चौथी उजवीकडे. प्रत्येक पावलाच्या पोटात तीन बारके ठोके. पाय दोनाच्या हिशेबात, ढोलकीवरची बोटं तीनाच्या हिशेबात, आणि कंबर या दोघांच्या मध्ये. होडी नांगरावर असताना जशी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलते, तसा झोका अंगात येतो तो यामुळे. दिवाळे गावचा कोळीवाडा घ्या की ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, हळदीला हा ठेका सुरू झाला की खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात.

आता दुसरी गंमत. नुसता सरळ ठक-ठक ठोका वाजवला तर कुणी फारसं नाचत नाही. घड्याळाच्या टिकटिकीवर कोण नाचतं? चांगला वाजवणारा अपेक्षित जागी ठोका देत नाही, किंचित आधी किंवा नंतर देतो. याला ऑफबीट म्हणतात. झिम्मा खेळताना समोरचीने टाळीसाठी हात पुढे आणला आणि ऐनवेळी मागे घेतला, की आपण आपसूक पुढे झुकतो. ऑफबीट शरीराला तसंच पुढे ओढतो. रिकाम्या सोडलेल्या जागेत नाचणारा स्वतःचं अंग घालतो.

याचंही प्रमाण लागतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना वेगवेगळे ड्रमचे ठेके ऐकवले आणि कशावर नाचावंसं वाटतं ते विचारलं. अगदी सरळ ठेक्याला कमी पसंती, फार गुंतागुंतीच्या ठेक्यालाही कमी, मधल्याला सर्वांत जास्त. जेवणातल्या मिठासारखंच. बेंजो पार्टीत नवा पोरगा पॅडवर बसला की सगळी करामत एकाच गाण्यात दाखवायला जातो आणि रिंगण पांगतं. आमच्या उस्तादांनी मला एकदा काठी दाखवून सांगितलं होतं, "तुझं वाजवणं त्यांच्या पायासाठी आहे, तुझ्या हातासाठी नाही."

बेस एवढा का लागतो?

आवाज म्हणजे हवेची कंपनं. सेकंदाला किती कंपनं होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. आपल्याला साधारण २० ते २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्यातली खालची, जाड कंपनं म्हणजे बेस. वरची बारीक म्हणजे टॉप: झांज, बेंजोची तार, शिट्टी.

माणसाचा मेंदू वेळेचा हिशेब जाड आवाजावरून जास्त अचूक लावतो. दोन स्वर एकत्र वाजत असताना जाड स्वर किंचित चुकला तर मेंदू ते लगेच पकडतो, बारीक स्वर चुकला तर तितकं नाही. प्रयोगांत हे दिसलंय. म्हणून तबल्यात ठेक्याचं वजन डग्ग्यावर असतं, ढोलात धुमावर असतं आणि क्लबात किकवर, म्हणजे ड्रमच्या जाड ठोक्यावर.

पण आजीचं वाक्य मला ज्या प्रयोगात पुन्हा भेटलं तो कॅनडातला आहे. मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा खराखुरा कार्यक्रम ठेवला. लोकांच्या डोक्याला हालचाल मोजणारे पट्टे बांधले. ८ ते ३७ हर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ ऐकूच न येणारा बेस देणारे खास स्पीकर लावले आणि ते दर अडीच मिनिटांनी चालू-बंद करत राहिले. कोणाला ते समजलं नाही. तरीही स्पीकर चालू असताना लोकांची हालचाल सरासरी ११.८ टक्क्यांनी वाढली. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

न ऐकलेल्या आवाजावर माणसं जास्त नाचली. त्वचेतून, छातीतून, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून ती कंपनं पोचली. आजीने जे दोन शब्दांत सांगितलं, त्याला आकडा मिळाला तो असा.

"मग आवाज मोठा हवाच की!"

हा आक्षेप येणारच, आणि त्यात तथ्य आहे. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी एक छोटी पिशवी असते. जाड आवाज ९० डेसिबलच्या वर गेला की तीही जागी होते, असं संशोधन सांगतं. झोक्यावर पोटात जे होतं, त्याच्या जवळचं काहीतरी तिच्यामुळे वाटत असावं. डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीसमोर उभं राहिलं की अंगात येतं ते खोटं नाही.

पण डेसिबलचा हिशेब नीट समजून घ्या, कारण सगळे तिथेच फसतात. डेसिबल म्हणजे आवाजाचं माप, आणि ते किलोच्या काट्यासारखं सरळ वाढत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते. ९० वरून ११० म्हणजे वीस नव्हे, शंभरपट. आणि फक्त ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट.

अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम चालतं. ८८ मध्ये ४ तास. ९४ मध्ये १ तास. १०० मध्ये १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर १०० चा आकडा सहज ओलांडला जातो, आणि हळद चालते तीन-चार तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नाचगाण्याच्या ठिकाणांसाठी मर्यादा दिली, ती १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल. ती वरची हद्द आहे, रोजचं पथ्य नव्हे.

तरीही जमेची बाजू अशी की ३ डेसिबल उतरवले तर नाचणाऱ्याला फरक जेमतेम कळतो, आणि कानाला मात्र दुप्पट वेळ मिळतो. मिक्सरवर बोटभर पट्टी खाली केली की झालं. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

"आम्हाला सवय आहे, कानाला काही होत नाही"

प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसांसारख्या पेशी असतात. आवाजाची कंपनं मेंदूपर्यंत पोचवण्याचं काम त्यांचं. भाताच्या रोपांवरून वारा गेला की ती वाकतात आणि परत उभी राहतात. वादळ झालं की आडवी होतात. काही उठतात, काही उठत नाहीत. माणसाच्या कानात दुसऱ्यांदा लावणी होत नाही. गेलेली पेशी कायमची गेली.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी कानाला दडे बसतात, कुईं असा आवाज येत राहतो. दुपारपर्यंत बरं वाटलं की आपण म्हणतो सवय झाली. ती सवय नसते, तो इशारा असतो. आणि पहिलं नुकसान ४००० हर्ट्झच्या आसपास होतं, म्हणजे बारीक आवाजांच्या भागात. स, श, त, फ ही अक्षरं तिथल्याच बाजूची. म्हणून पुढे कान गेलेला माणूस म्हणतो, "आवाज येतो पण शब्द कळत नाही." वयाबरोबर जाणारा कानही याच बाजूने जातो. आजीला पोरांचं बोलणं कळत नाही आणि डीजेचा बेस कळतो, तो यामुळे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कानाला जास्त मारतो तो टॉप. नाचवतो तो बेस. म्हणजे जे कमी करायचं आणि जे ठेवायचं ते वेगळं आहे.

लहान लेकरांबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचंय. दोन-तीन वर्षांचं बाळ खांद्यावर घेऊन भिंतीसमोर नाचणारे मामा-काका मी दर हळदीला बघतो. बाळ रडत नाही म्हणजे त्याला मजा येतेय असं नाही. त्याला घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नाचा. ताल तिथेही पोचतो.

"मीटर तर कमी दाखवतो, मग काच का थरथरते?"

कोपरखैरण्याच्या एका मित्राने फोनवरच्या ॲपने आवाज मोजला. आकडा फार नव्हता, आणि घरातली काचेची कपाटं खडखडत होती. तो म्हणाला, ॲप खोटं आहे.

पूर्ण खोटं नाही. आवाज मोजायची जी नेहमीची पद्धत आहे, आणि कायद्यातले आकडे ज्या पद्धतीचे आहेत, ती माणसाच्या कानासारखी बनवलेली आहे. आपला कान जाड आवाजाला मंद असतो, म्हणून मीटरही त्यातून वजाबाकी करतो. ५० हर्ट्झला ही वजाबाकी जवळपास ३० डेसिबलची आहे. त्यामुळे निव्वळ बेस मीटरवर बिचारा दिसतो. त्यातून ५० हर्ट्झची एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते, म्हणजे एका खोलीपेक्षा मोठी. तिला आपल्या विटांच्या भिंती फारशा अडवत नाहीत. ५००० हर्ट्झची लाट सात सेंटिमीटरची, ती दारं-खिडक्या लावल्या की बरीचशी अडते. म्हणून लांबच्या घरात गाणं ऐकू येत नाही, नुसतं धाड-धाड ऐकू येतं.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. गावठाणात तसं होत नाही. आमच्या गल्ल्या हातभर रुंद, दोन्हीकडे तीन-चार मजले. आवाज भिंतींवर आपटत पुढे जातो. आजारी माणसाच्या घरातली ती रात्र कशी जाते हे ज्याने अनुभवलं त्यालाच माहीत.

कायदा याच माणसासाठी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सणांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती जाहीर केलेल्या दिवसांची असते. आपल्या घरची हळद त्यात आपोआप बसत नाही. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांनी या विषयावर जनहित याचिका लढवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये त्यात निकाल देऊन हे नियम काटेकोर पाळायला सांगितले. नाचाला त्यात कुठेही विरोध नाही.

"आवाज उतरवला तर नाचणार कोण?"

सिनेमात क्लबचं दृश्य असतं. मागे पन्नास माणसं नाचतात, पुढे नायक-नायिका हळू आवाजात बोलतात. चित्रीकरणात तिथे गाणं वाजवता येत नाही, संवाद बिघडतील. मग माणसं एका ठेक्यात कशी नाचतात? एक युक्ती अशी की आधी गाणं थोडा वेळ वाजवायचं, ठेका डोक्यात बसला की बंद करायचं. दुसरी युक्ती थंप ट्रॅकची. नुसता जाड ठोका, गाणं नाहीच, आणि नंतर ध्वनिमुद्रणातून तेवढा भाग गाळून टाकायचा. बोलण्याचा आवाज त्याहून कितीतरी बारीक, वरच्या हर्ट्झचा असतो, म्हणून हे जमतं. पडद्यावर धमाल दिसते, सेटवर जवळजवळ शांतता.

आणखी एक. लोक एकत्र, एका ठेक्यात नाचले की त्यांची वेदना सोसायची ताकद वाढते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर २०१५ मध्ये हे मोजलं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून. सोबत्यांबद्दलची जवळीकही वाढली. एरवी जिना चढताना गुडघे धरणाऱ्या काकू हळदीला दोन तास कशा नाचतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. रिंगणाला रिंगणच नाचवतं.

म्हणून डीजेवाल्याला सांगायच्या गोष्टी या. बेसचे खोके जमिनीवर, रिंगणाच्या अगदी जवळ, आणि तोंड घरांकडे नको. ताकद कमी लागते आणि पायाला जास्त मिळतं. टॉपचे स्पीकर निम्मे करा आणि जे ठेवाल ते कानाच्या उंचीवर रोखू नका. मास्टर, म्हणजे मिक्सरवरची सगळ्या आवाजाची पट्टी, ३ डेसिबल खाली. तासाला दहा-पंधरा मिनिटं मशीन बंद ठेवून बेंजो किंवा नुसती ढोलकी, किंवा धवलारीण असेल तर तिचे धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी. त्या वेळात कान सावरतात आणि म्हाताऱ्या बायांना नाचायची संधी मिळते. भिंतीजवळच नाचायचं असेल तर मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात. नीट बसवले तर पंधरा-वीस डेसिबल सहज कापतात, आणि बेस तर छातीतून येतच राहतो. बेस शेजाऱ्याच्या घरात जातो हे खरंच आहे, त्यावर खोके वळवण्यापलीकडे फार मोठा इलाज नाही. म्हणून दहाला बंद म्हणजे बंद.

पुढच्या महिन्यात आमच्या पुतणीची हळद आहे. डीजेच्या पोराला मी घरी बोलावून हे सगळं सांगितलं. तो वहीत लिहून घेत होता. टॉपचं लिहिलं, मास्टरचं लिहिलं, दहाचं लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाला, "काका, बेस ठेवायचा ना पण?"

म्हटलं, "ठेवायचा. आजीची खुर्ची खोक्यांपासून दहा फुटांवर मांड."